दुसरी हाक

दुपारी ठकी झोपते, थोड्या वेळाने फ्रिजची घरघर थांबते, आणि घर इतकं शांत होतं की आपलाच श्वास आपल्याला ऐकू यावा. नेमकी तेव्हा मधल्या खोलीच्या दाराची कडी वाजते. एकदाच. टक्. नखाने टिचकी मारावी एवढाच आवाज.

नवरा म्हणतो, लाकूड आहे, फुगतं, आकसतं. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. वाजणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं त्याच्याकडे कारण असतं आणि बहुतेक गोष्टींवर एकच उपाय, तेल. कडीलाही त्याने तेल दिलं. आता कडी किरकिर न करता वाजते, इतकाच फरक.

मीही तशी भित्री नाही. ठकी होईपर्यंत मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये होते. तिथे एक शिस्त अंगात मुरते. निकाल विचित्र आला तर घाबरायचं नाही, नमुना पुन्हा लावायचा. दुसऱ्यांदाही तोच आला तरच विश्वास ठेवायचा. म्हणून जे झालं ते जसं झालं तसं, क्रमाने लिहायला बसलेय. ती उठेपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढा माझा.

आम्ही राहतो तो टॉवर म्युझियमच्या जागेवर उभा आहे. म्युझियम पाडलं आणि टॉवरच्या नावात ‘हेरिटेज’ हा शब्द घातला. खाली लॉबीत जुन्या इमारतीचा एक फोटो लावलाय, आणि त्याखाली काचेच्या पेटीत पितळी कठड्याचा हातभर तुकडा. येणारे-जाणारे त्या पेटीवर कुरिअरची पाकिटं ठेवतात. वरच्या मजल्यांवरून म्हणे सगळं शहर दिसतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगची भिंत दिसते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचं जुनं झाड. त्याच्या खोडाला दोन फांद्या फुटतात ती बेचकी अगदी डोळ्यांसमोर.

ती बेचकी मी ओळखते. माझे वडील, अण्णा, त्या म्युझियमचे राखणदार होते. आई लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की मी तिथेच. घुमटाखालच्या गोल दालनात काचेच्या कपाटांमधून पेंढा भरलेले पक्षी, शंख, दगड, आणि वर, घुमटाला आतून कडं घातल्यासारखी गोल फिरणारी एक अरुंद गॅलरी. तिला पितळी कठडा होता. त्यावर तळहात ठेवून मी गोल गोल धावायचे. हाताला पितळेचा वास यायचा, बाकी सगळीकडे डांबरगोळ्यांचा. गॅलरीच्या एका खिडकीतून त्या झाडाची हीच बेचकी दिसायची. याच उंचीवर.

घर बघायला आलो त्या दिवशी मी हे नवऱ्याला सांगितलं.

“म्हणजे तू माहेरीच राहायला आलीस की,” तो म्हणाला.

मला हसू आलं. बरंही वाटलं होतं, खरं सांगायचं तर.

अण्णांच्या कामातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे बंद करायची वेळ. आधी घंटा. लोक रेंगाळत बाहेर जायचे. मग अण्णा गोल दालनाच्या मधोमध उभे राहायचे, मान वर करायचे आणि मोठ्याने विचारायचे, “कोणी राहिलंय का?”

घुमट त्यांचा आवाज फिरवून फिरवून परत द्यायचा. राहिलंय का, लंय का, का. मग ते थांबायचे. मला वाटायचं, ते उगाच थांबतात.

“घुमट आपलेच शब्द परत देतो,” ते सांगायचे. “माणूस स्वतःचे देतो. म्हणून ऐकायचं.”

कधीकधी खरंच कोणी राहिलेलं असायचं. बाकावर डुलकी लागलेले आजोबा, कपाटामागे लपलेलं एखादं पोर. अण्णा त्याचा हात धरून त्याला पार बाहेरच्या पायरीपर्यंत आणून सोडायचे. आणि मग परत आत. परत मधोमध. परत पहिल्यापासून हाक. मी कंटाळायचे. आणला ना एकाला, चला आता घरी. पण त्यांचं ठरलेलं होतं. एकाला बाहेर काढलं की दुसरी हाक मारायचीच, आणि हाकेला काहीच उत्तर आलं नाही तरच कुलूप लावायचं.

“आत किती राहिलेत ते आपल्याला कुठे माहीत असतं?” ते म्हणायचे.

ठकी चालायला लागली, बोलायला लागली, तसा आमच्याकडे हाच खेळ सुरू झाला. ठकी हे नाव अण्णांचंच. जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखी टक लावून बघायची म्हणून. संध्याकाळी डास यायच्या आत मी घरभर फिरून खिडक्या लावते. ती कुठेतरी लपते, म्हणजे पडद्यामागे उभी राहते आणि पाय बाहेर. मी एकेका खोलीच्या दारात उभी राहून विचारते, “कोणी राहिलंय का?” आणि ती आनंदाने चिरकते, “मी राहिलेय!”

मग तिला उचलायचं, पापा घ्यायचा, खोलीचं दार ओढून घ्यायचं. सगळ्यात शेवटी मधली खोली. तिची खिडकी डक्टमध्ये, पाइप जातात त्या बंद पोकळीत उघडते, त्यामुळे तिथे दिवसाही दिवा लागतो. दार ओढून घेतलं की खेळ संपला. दुसरी हाक मी कधी मारली नाही. कशाला मारू? माझं एकच लेकरू, आणि ते माझ्या कडेवर.

कडेवर आली की ती माझ्या कानाची पाळी धरते. तान्ही होती तेव्हापासूनची सवय. झोप आली तरी हात कानाकडेच. पाळी दोन बोटांत चुरत चुरत झोपते. उन्हाळ्यात कान चिकट होतो, दुखतो, पण ते सुख ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. धरायची, असं लिहायला हवं. तिथपर्यंत यायचंय.

पहिल्यांदा जे दिसलं ते अगदीच साधं होतं. ठकी मधल्या खोलीत खेळत होती. मी कपड्यांच्या घड्या घेऊन दारात आले, तर ती गोल फिरत होती. मुलं फिरतात, चक्कर येईपर्यंत फिरतात. पण ही गरगरत नव्हती. खोलीच्या भिंतींजवळून एका मोठ्या गोल वळणाने सावकाश चालत होती, आणि एक हात खांद्याच्या उंचीला धरून कशावरून तरी सरकवत नेत होती. पलंग आला की थांबायची, पलंगावर चढायची, वळण न मोडता पलीकडे उतरायची.

“काय करतेस गं?”

“धरून चालतेय,” ती म्हणाली.

“कशाला धरून?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आईला एवढंही कळत नाही.

रात्री तिचे हात धुताना मी वास घेतला. साबणाचा होता. मग माझंच मला हसू आलं.

दुसरी गोष्ट फ्रॉकची. कपाटात मी डांबरगोळ्या ठेवत नाही, ठकी तोंडात घालेल म्हणून. तरी तिच्या फ्रॉकला तो वास येऊ लागला. धुऊन, उन्हात वाळवून घेतला तरी मधल्या खोलीत तासभर खेळली की परत. नवऱ्याने हुंगून पाहिलं.

“वरच्यांनी ठेवल्या असतील. डक्टमधून खाली येतो वास.”

“वास खाली येतो?”

“सगळं खालीच येतं बाई. मीच एक आहे जो लोकांना वर नेतो.”

असा आहे तो. त्याच्याशी घाबरून बोलायची सोयच नाही.

मग ती संध्याकाळ. ठकीला दिवसभर कणकण होती. औषध दिलं, खांद्यावर घेतलं, तशी ती पाळी धरून झोपून गेली. तिचा गरम श्वास माझ्या मानेवर येत होता. तशीच तिला घेऊन मी खिडक्या लावत फिरले. मधल्या खोलीच्या दाराशी आले आणि निव्वळ सवयीने, हळूच, स्वतःशीच म्हणावं तसं तोंडातून गेलं, “कोणी राहिलंय का?”

“मी राहिलेय.”

खोलीत अंधार होता. आवाज लहान मुलीचा होता, दाराजवळचा नाही, आतला. माझ्या खांद्यावर ठकीचं तोंड किंचित उघडं होतं आणि त्यातून लाळ गळून माझा पदर ओला झाला होता. ती गाढ झोपेत होती.

मी दिवा लावला. पलंग, कपाट, ठोकळ्यांचा डबा. डक्टची खिडकी उघडी होती. तिथूनच आला आवाज, म्हटलं. वरच्या मजल्यावरचं कोणाचं तरी पोर. आपला खेळ रोज ऐकत असणार, आज त्यानेही उत्तर दिलं. किती गोड, असंही मनात आलं. खिडकी लावली, दिवा घालवला, दार ओढून घेतलं.

दार लागता लागता आतून कोणीतरी पटकन श्वास घेतला. आपण हाक मारणार तेवढ्यात कोणी आपल्याला थांबवावं, तसा.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त जोडपं राहतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मी सहज विचारलं, नातवंडं आलीत का. त्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे कोणी लहान नाही हो, आणि लगेच तोंड फिरवून मजल्यांचे आकडे बघत राहिल्या.

अण्णा आता दादाकडे असतात, दुसऱ्या शहरात. एका कानाने ऐकू कमी येतं, पण फोन हट्टाने त्याच कानाला लावतात. मी फोन केला.

“काय म्हणते माझी बाहुली?”

“मजेत. अण्णा, आम्ही तुमचा खेळ खेळतो रोज. ‘कोणी राहिलंय का’चा.”

“खेळ? अगं, पोट भरलंय मी त्याच्यावर.” ते खूप हसले. मग म्हणाले, “आणि कोण असतं राहिलेलं?”

“तुमची बाहुली. दुसरं कोण?”

“मग तिला आणल्यावर परत हाक मारतेस ना?”

“घरात कशाला, अण्णा?”

पलीकडे फोन या कानावरून त्या कानावर गेल्याचा आवाज आला. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

“शेवटच्या दिवशी मारायची राहिली बघ,” ते म्हणाले. “दुपारीच पाडणाऱ्यांची माणसं आली, किल्ल्या मागितल्या. म्हटलं, एकदा आत जाऊन हाक मारून येतो. तर हसले. म्हणाले, काका, आत आता उंदीरसुद्धा नाही. कपाटं तर आधीच हलवली होती. मीही म्हटलं, जाऊ दे. चार माणसांत कुठे हसं करून घ्यायचं?”

“मग बरोबरच होतं त्यांचं. रिकामंच होतं ना?”

“रिकामंच की,” अण्णा म्हणाले. “रिकामं नसतं तर पाडलं असतं का?”

आणि ठकीने आज काय खाल्लं ते विचारू लागले.

त्यानंतर मी खेळ बंद केला. ठकी संध्याकाळी पडद्यामागे जाऊन उभी राहायची, पाय बाहेर, आणि मी न बोलता खिडक्या लावायचे. ती वाट बघून बघून स्वतःच बाहेर यायची. “आई, विचार ना.” मी म्हणायचे, आज नको. तिचा चेहरा एवढासा व्हायचा. एकदा ती म्हणाली, “ती पण थांबलीये.” मी ऐकलं नाही असं दाखवलं. आयांना हे चांगलं जमतं.

आता तो दिवस.

संध्याकाळची वेळ. ठकी मधल्या खोलीत ठोकळे खेळत होती, दिवा लावून, दार सताड उघडं ठेवून. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते. झाडाची बेचकी काळी पडायला लागली होती. तेवढ्यात वीज गेली. टॉवरची वीज गेली की जनरेटर सुरू होतो, त्या दिवशी झाला नाही. खालून कोणीतरी माझ्या नवऱ्याला ओरडून बोलावत होतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत माणसं होती. तो टॉर्च घेऊन जिन्याने खाली पळाला.

“ठकीला बघ!” जाता जाता म्हणाला.

मी पॅसेजमध्ये आले. मधल्या खोलीचं दार म्हणजे नुसता एक काळा चौकोन.

“ठके?”

उत्तर नाही.

अंधाराला ती घाबरते. घाबरली की गप्प होते, रडतसुद्धा नाही, हे मला माहीत होतं. तिला धीर यावा, तिला हसू यावं, म्हणून मी खेळातला आवाज काढला. माझ्याकडे दुसरं काय होतं?

“कोणी राहिलंय का?”

“मी राहिलेय!”

कपाटाच्या बाजूने. डावीकडून. माझा जीव भांड्यात पडला. मी हात पुढे करून आत गेले, डावीकडे. पायाखाली ठोकळा आला, टाचेत घुसला.

“कुठे आहेस, सोन्या? हात दे.”

हात आला. उजवीकडून.

लहान, गार बोटं माझ्या हातात शिरली आणि घट्ट धरून राहिली. डांबरगोळ्यांचा वास एकदम इतका दाटला की डोळ्यांना पाणी आलं. मी काही विचार केला नाही. ओढतच तिला बाहेर आणलं, पॅसेजमधून हॉलमध्ये, जिथे खिडकीतून संध्याकाळचा थोडा उजेड येत होता.

ठकीच होती. तिचाच फ्रॉक, तिचेच विस्कटलेले केस, तेच टक लावून बघणारे डोळे. मी तिला उचलून घट्ट धरलं. हुश्श.

मागे मधल्या खोलीतून, डावीकडून, कपाटाच्या बाजूने आवाज आला.

“आई, मी राहिलेय!”

हसत. लपलेल्या मुलाला हसू आवरत नाही, तसं.

मी कडेवरच्या ठकीकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते. ती दाराकडे बघत होती.

“आई?”

आता हसू नव्हतं.

मी धावले. हे मला स्पष्ट आठवतं, की मी त्या खोलीकडे धावले. दारापर्यंत गेले. आत जाणार होते. आणि कडेवरची ठकी माझ्या गळ्याला इतकी घट्ट बिलगली, की माझा हात आपोआप दाराच्या मुठीकडे गेला.

मी दार ओढलं. कडी घातली.

आतून दार एकदा हललं. जोरात नाही. लहान हातांनी ढकलावं, तेवढंच.

मग वीज आली.

नवरा वर आला तेव्हा मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसले होते आणि ठकी माझ्या मांडीवर. त्याने मला बाजूला केलं, कडी काढली, आत गेला. दिवा लावला, कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. मीही पाहिलं. ठोकळे होते. त्यांचा मोठा गोल मांडलेला होता, एका ठिकाणी तुटलेला, जिथे माझा पाय पडला होता.

“डक्ट,” तो म्हणाला. पण या वेळी विनोद केला नाही. मी म्हटलं म्हणून दुसऱ्या दिवशी कडीला कुलूपही घातलं. पलंग बाहेर आणला, कपाट आणलं, ठोकळे आणले. आता ती खोली रिकामी आहे.

रिकामीच आहे. मी दिवसाउजेडी कुलूप काढून अनेकदा पाहिलंय. पण बघणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. हाक मी मारलेली नाही.

ठकी आता शहाण्यासारखी वागते. पुढ्यात ठेवलेलं सगळं खाते. अंधाराला घाबरत नाही. समोरच्या काकू म्हणाल्या, “एकदम समजूतदार झाली हो पोरगी, दृष्ट लागेल.” नवरा म्हणतो, मुलं अशीच एका उडीत मोठी होतात. हे अगदी खरं आहे, सगळ्या आया हेच सांगतात.

फक्त ती माझ्या कानाची पाळी धरत नाही. उताणी झोपते, हात सरळ अंगालगत. एका रात्री मीच तिचा हात उचलून माझ्या कानाला लावला. तिने तो तिथे ठेवला, मी ठेवला म्हणून. बोटं हलली नाहीत.

मानेवरचा तीळ मी पाहते. जागेवर आहे. गुडघ्यावरचा जुना व्रण आहे. एकदा जुन्या लॅबमध्ये नेऊन तिचा रक्तगट लावला. सगळे हसले माझ्याकडे बघून. तोच आला. शिस्तीप्रमाणे पुन्हा लावला. पुन्हा तोच. पण तो गट अर्ध्या शहराचा असतो, हे मलाच त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत.

माझी माया कमी झालेली नाही. हे लिहून ठेवायला हवं. मी तिचे केस विंचरते, तिला भरवते, ती झोपली की तिच्या कपाळावर ओठ टेकते. आणि टेकताना प्रत्येक वेळी वाटतं की भिंतीपलीकडून कोणीतरी हे ऐकतंय.

परवा अण्णांना फोन केला. जे झालं ते सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “अण्णा, एकाला बाहेर आणलं, आणि तेवढ्यात आतून त्याच आवाजात परत उत्तर आलं, तर तुम्ही काय करायचात?”

“त्याच आवाजात?”

“हो.”

“मग त्यालाही आणायचं,” ते म्हणाले. “आवाज कोणाचा हे आपण कोण ठरवणार? राहिलेला माणूस वाट बघत असतो गं. दार का लागलं, हे त्याला कळत नाही.” मग म्हणाले, “आधी आणायचं. चेहरा उजेडात बघायचा.”

सोपं आहे. कुलूप काढायचं, दारात उभं राहायचं, विचारायचं. उत्तर आलं नाही तर मी वेडी आहे, आणि वेडी असण्यासारखं सुख नाही. पण उत्तर आलं तर हात पुढे करावा लागेल. तो हात बाहेर येईल, उजेडात येईल, माझ्याकडे झेप घेईल आणि माझ्या कानाची पाळी धरेल. आणि त्या वेळी ही, जिला मी इतके दिवस भरवलंय, माझ्या शेजारी उभी असेल. मी कोणाचा हात सोडू?

म्हणून रोज दुपारी इथे, मधल्या खोलीसमोर बसते. फ्रिज थांबतो. कडी वाजते. मी तिच्याकडे बघत राहते, तेल दिलेली, कुलूप लावलेली कडी. बाहेरून काही हलत नाही. आज मात्र कडी दोनदा वाजली. टक्. आणि जरा थांबून, आशा संपत आल्यासारखं, हळूच, टक्.

ठकी कधी उठून आली ते कळलं नाही. आमच्या झोपायच्या खोलीच्या दारात उभी आहे, अनवाणी, उशीचा वळ गालावर. माझ्याकडे बघत नाहीये. कुलपाकडे बघतेय.

“ये, सोन्या. झोप झाली?”

ती येत नाही.

“आई,” ती विचारते, “मला आणलंस, मग तू परत हाक का नाही मारलीस?”